अंश छापणाऱ्या, छेद लपवणाऱ्या फ्लेक्सला जाहीर पत्र

फ्लेक्सा,

तुला नमस्कार घालून सुरुवात करणं मला जमणार नाही. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तू हजर असतोस. बीडमध्ये, माजलगावात, केजला, परळीत, अंबाजोगाईत, जिथे खांब मोकळा सापडेल तिथे. वीस-पंचवीस लेकरांचे पासपोर्ट फोटो, प्रत्येकाखाली गुण, मधोमध संचालक सरांचा फोटो सगळ्यांच्या चौपट, आणि तळाला 'प्रवेश सुरू, जागा मर्यादित'. तुझ्या अंगावर आकडे असतात, रंग असतात, उद्गारचिन्हांची तर रांग लागलेली असते. एवढ्या लांबरुंद कापडावर प्रश्नचिन्ह मात्र एकही नसतं. आणि तू म्हणे विज्ञान शाखेची जाहिरात.

मी या जिल्ह्यात विज्ञान शिकवतो. माझ्या वर्गात येणारी मुलं शाळेत पोचायच्या आधी रोज तुझ्याखालून येतात. विज्ञान म्हणजे काय हे मी तोंड उघडून सांगेपर्यंत तू ते दहा फुटी अक्षरांत सांगून मोकळा झालेला असतोस. तू सांगतोस ते खोटं आहे, आणि त्या खोट्यापायी या जिल्ह्यातल्या कितीतरी पोरांची दोन-तीन वर्षं, बापाची जमीन आणि स्वतःवरचा विश्वास गेला आहे. म्हणून हे तुझ्याशी चारचौघांत बोलणं.

आधी हिशेब करू, कारण तुला आकड्यांची फार हौस आहे. तू छापतोस, 'आमचे इतके विद्यार्थी नीट पात्र'. इतके, कितींपैकी? दोनशेंपैकी की दोन हजारांपैकी? अपूर्णांक शिकवताना आम्ही लहान मुलांना सांगतो की वरचा अंश एकटा काहीच बोलत नाही, खाली छेद लागतो. तू जन्मात कधी छेद छापला नाहीस. बरं, तुझा अंश तरी खरा असावा, तर तेही नाही. एकच मुलगी तीन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर हसताना दिसते; एकाने तिला दोन वर्षं शिकवलेलं, दुसऱ्याने एक टेस्ट सिरीज दिलेली, तिसऱ्याने नुसता पेढा भरवलेला.

आणि ते 'पात्र'. २०२४ च्या नीटला देशभरातून २३ लाखांहून अधिक मुलं बसली. त्यांतली १३ लाखांहून अधिक पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा होत्या १ लाख १० हजारांच्या आसपास, आणि सरकारी जागा त्यातल्या साधारण निम्म्या. म्हणजे तुझ्या भाषेतल्या दर बारा 'पात्र' मुलांमागे जागा एक. बसलेल्या मुलांचा हिशेब धरला तर दर एकवीस मुलांमागे एक. उरलेल्या वीसजणांना तू जागा दिली आहेस, नाही असं नाही. तुझ्याच खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत: 'रिपीटर बॅच सुरू'.

त्या वीसजणांना मी ओळखतो. एक रिपीट, दोन रिपीट, तिसरा रिपीट करून ती गावी परततात तेव्हा त्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "सर, सायन्स आपल्याला झेपलं नाही." त्यांनी सायन्स केलेलंच नसतं. त्यांनी एकाच परीक्षेच्या दारात उभं राहून चार वर्षं घालवलेली असतात. ते दार म्हणजेच विज्ञान, हे त्यांना तू शिकवलंस.

तू दुसरी जी शिडी उभी केलीस, ती तर त्याहून वाईट. नव्वदच्या वर गुण असले की सायन्स, मधल्यांनी कॉमर्स, खालच्यांनी आर्ट्स, आणि गडगडला तर आयटीआय. दहावीचा निकाल हातात घेऊन पोरं येतात आणि विचारतात, "सर, सायन्स झेपेल का?" इतक्या वर्षांत "सर, सायन्स आवडेल का?" असं विचारणारी फार थोडी भेटली. विज्ञान हे हुशारीबद्दलचं बक्षीस आहे अशी तू समजूत करून दिलीस. बक्षीस मिळालं की ते कपाटात ठेवायचं असतं, त्याचं काही करायचं नसतं. त्यामुळे ब्याण्णव टक्के पडलेल्या मुलाला पाऊस मुरमाच्या रानात लगेच का जिरतो आणि काळ्या रानात चिखल का होतो, याचं नवल वाटलेलं नसतं. आणि विहिरीवरची मोटार जळाली की ती उघडून, जळालेल्या तारेचे वेढे मोजून, तेवढेच वेढे पुन्हा भरणारा अठ्ठावन्न टक्क्यांचा पोरगा स्वतःला 'ढ' समजून बसलेला असतो. त्या वेढ्यांमध्ये मायकेल फॅरेडेने १८३१ साली शोधलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन आहे. फॅरेडे स्वतः पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत वाढला, शालेय शिक्षण जेमतेम. तुझ्या शिडीवर त्याला सगळ्यात खालची पायरीसुद्धा मिळाली नसती.

आता प्रयोगशाळेबद्दल, कारण तुझा सगळ्यात मोठा गुन्हा तिथे घडतो. तुझ्या तोंडी एक गोड शब्द आहे, 'इंटिग्रेटेड'. त्याचा अर्थ असा की मुलाचं नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, आणि मुलगा लातूरच्या, नांदेडच्या नाहीतर कोट्याच्या खोलीत. कॉलेजात तो उगवतो थेट प्रात्यक्षिक परीक्षेला. बोर्डाने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र या प्रत्येकात प्रात्यक्षिकाला ३० गुण ठेवले आहेत. शंभरातले तीस, ही काही चिल्लर नाही. पण जर्नल मागच्या वर्षीच्या पोराचं आणून उतरवायचं, शिक्का मारून घ्यायचा, आणि तीसपैकी अठ्ठावीस घेऊन मोकळं व्हायचं.

हे का टोचतं ते नीट सांगतो. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत असताना एका क्षणी, एकाच थेंबाने, शंकुपात्रातलं बिनरंगी द्रावण गुलाबी होतं. ते वाचन लिहायचं. पुन्हा करायचं. तिसऱ्यांदा करायचं. तिन्ही वाचनं जुळली नाहीत तर चूक आपली, परत सुरुवात. निसर्ग आपल्या सोयीचा आकडा देत नाही आणि आपण त्याच्या तोंडी तो घालायचा नाही, हा धडा सोळा-सतरा वर्षांच्या पोराला तिथे उभ्या उभ्या मिळतो. पुस्तकातून तो मिळत नाही. आणि जर्नल उतरवणारं पोर काय शिकतं? ब्युरेटला हात न लावता तीन जुळणारी वाचनं लिहिता येतात, हे शिकतं. आयुष्यातली पहिली बनावट आकडेवारी ते विज्ञानाच्या वहीत लिहितं, शिक्षकाच्या सहीने. पुढे हाच मुलगा पुलाच्या काँक्रीटचा चाचणी अहवाल लिहिणार असतो, औषधाच्या नमुन्याचा निकाल लिहिणार असतो.

तुझं म्हणणं मला माहीत आहे: प्रयोगाचं काय घेऊन बसलात, त्याने कॉलेज मिळत नाही. विज्ञान पेपरात असतं, आपल्या रानाशी त्याचा संबंध नाही, हा तुझा तिसरा धडा. या धड्यासाठी तुला बीड जिल्ह्याने माफ करू नये, कारण विज्ञान कळलं नाही म्हणून हा जिल्हा दरवर्षी रोख किंमत मोजतो.

२०१७ चं खरीप आठव. धारूर, वडवणी, माजलगाव, गेवराई, सगळीकडे कापूस उभा. बोंड वरून साबूत, फोडलं की आत गुलाबी अळी आणि डागाळलेला कापूस. मराठवाडा, विदर्भ, दोन्हीकडे तेच. प्रत्येक पारावर एकच प्रश्न होता: बीटी बियाणं घेतलं होतं ना, मग बोंडअळी आली कशी?

याचं उत्तर बारावीच्या जीवशास्त्रात आहे, मेंडेलच्या धड्यात. तेव्हा साडेचारशे ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची, साध्या, बिगर-बीटी सरकीची. ती शेताच्या कडेने लावायची असे. कारण लाखो अळ्यांमध्ये चार-दोन अशा असतातच की बीटीच्या विषाने मरत नाहीत. सगळ्या शेतात फक्त बीटी असेल तर बाकीच्या मरतात, या चार-दोनच जगतात, त्यांचे पतंग एकमेकांशीच जुळतात आणि पुढची सगळी पिढी विष पचवणारी निघते. कडेला साधा कापूस असेल तर तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांच्या पतंगांशी या चिवट पतंगांचा संकर होतो, आणि चिवटपणाचा गुण अप्रभावी असला तर होणारी संतती पुन्हा विषाने मरते. प्रभावी, अप्रभावी. वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या रोपांवरून जे पाठ केलं जातं, तेच. मेंडेल त्या पुडीत बसलेला होता. आणि पुडी बांधावर फेकली जात होती, कारण 'साध्या सरकीला उगाच रान कशाला घालवायचं?' त्यात भर म्हणून फरदड. फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस तसाच उभा ठेवला म्हणजे अळीला बारमाही खुराक.

त्या वर्षी याच गावांतून बारावीला बसलेल्या मुलांनी ३:१ हे गुणोत्तर तोंडपाठ केलं होतं. एकाच घरात पोरगं आतल्या खोलीत मेंडेल घोकत होतं आणि बाप बांधावर मेंडेल फेकत होता. दोघांची गाठ घालून देणं हे विज्ञान शिक्षणाचं काम होतं. तू मध्ये आडवा टांगलेला होतास. 'हा प्रश्न नीटला येत नाही' म्हणालास, आणि विषय संपला.

दुसरं, पाण्याचं. आमच्याकडे बोअर घ्यायचा म्हटलं की आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ, नाहीतर हातात कडुलिंबाची दुबेळकी काटकी. नारळ उभा राहिला की तिथे मशीन लावायचं. सहाशे फूट, आठशे फूट, आणि वर फुफाटा. कर्ज काढलेलं असतं. याला अडाणी शेतकऱ्याची श्रद्धा म्हणून सोडून देता आलं असतं, पण बीएस्सी झालेला, इंजिनिअर झालेला मुलगा पुण्याहून खास सुट्टी काढून येतो आणि पाणाड्याच्या मागे चालतो. भौतिकशास्त्रात ९८ गुण पडलेले असतात. त्याला विचारलं तर म्हणतो, "सर, त्यानं चुलत्याच्या रानात सांगितलं होतं, लागलं ना पाणी." लागलं, बरोबर. कितींपैकी? पाणाड्याची सगळी कीर्ती लागलेल्या बोअरवर उभी असते, कोरडे गेलेले बोअर कोणी मोजत नाही. हा हिशेब त्या मुलाने कुठून उचलला हे मला सांगायची गरज नाही. आयुष्यभर तो तुझ्याखालून गेला आहे.

खाली जमिनीत काय आहे, हे कळायला नारळ लागत नाही. आपला सगळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. थरावर थर. काळा घट्ट पाषाण पाणी धरत नाही. वरचा झिजलेला मुरूम, भेगाळलेला खडक, विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र थर, यांत पाणी राहतं. म्हणून आमच्या भागात नुसतं खोल जाऊन पाणी वाढत नाही, बहुतेक पाणी वरच्या थरांतच असतं आणि ते पावसाने भरतं. भूजल सर्वेक्षणाची सरकारी यंत्रणा यासाठीच आहे. नववीच्या मुलांना मी एक काम देतो: गावातल्या बोअरची यादी करा. कोणाचा, किती फूट, पाणाड्याने दाखवलेला की नाही, पाणी लागलं का, दोन उन्हाळ्यांनंतर टिकलं का. कोरडे बोअर आधी लिहायचे. ही यादी करताना मुलं ज्या तावातावाने भांडतात ते पाहायला तू असायला हवं होतंस. पण भूगर्भशास्त्राला 'स्कोप नाही', असं तू सांगून ठेवलंस. ज्या जिल्ह्यात टँकर ही बारमाही गोष्ट झाली आहे तिथे पाण्याचं शास्त्र शिकायला स्कोप नाही!

तिसरं, सीताफळाचं. बालाघाटच्या डोंगरांतल्या या फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. धारूर-६ सारखे वाण त्याच कामातून आले. पण फळ झाडावरून उतरलं की दोन-चार दिवसांत मऊ पडतं, गर काढला की काळवंडतो, आणि टिकवायला म्हणून तापवला तर कडवट होतो. म्हणून तो गोठवूनच ठेवावा लागतो, आणि शीतगृह डोंगरातल्या बाईकडे नसतं. ती पाटी डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला बसते आणि संध्याकाळी उरलेली फळं मिळेल त्या भावाने देऊन टाकते. गर कडवट का होतो, हा जीवरसायनशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो तिच्या रोजच्या कमाईचा प्रश्न आहे. तो सोडवणाऱ्याचा फोटो तू छापशील का? तुझ्याकडे त्याचा रकानाच नाही.

तंत्रज्ञानाबद्दलची तुझी समजूत तर एका खोलीत मावते: संगणक, एसीची हवा, हिंजवडी. बाकीच्या शाखा म्हणजे नाइलाज. बीड शहराजवळची खजिना विहीर तू पाहिली आहेस का? सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने ती बांधून घेतली. विहिरीतून जमिनीखालून काढलेले बोगदे नुसत्या उताराच्या जोरावर पाणी खालच्या रानांपर्यंत नेतात. मोट नाही, मोटार नाही. कोस-दीड कोस पाणी आपसूक वाहत राहील एवढाच, ना जास्त ना कमी, उतार मोजून काढणाऱ्या माणसाला अभियंता म्हणतात. त्याच्याकडे संगणक नव्हता, पातळी मोजायची रीत होती. आणि हल्लीचं उदाहरण हवं तर परळीचं औष्णिक वीज केंद्र बघ. २०१५ साली ते पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, संच होते, माणसं होती; वाफ थंड करायला पाणी नव्हतं. कमी पाण्यात वाफ थंड कशी करायची, राखेचं काय करायचं, हे यंत्र आणि स्थापत्य अभियंत्यांपुढचे प्रश्न आहेत आणि ते परळीकरांच्या अंगणात पडलेले आहेत. ज्या फिटरला, ज्या वायरमनला, ज्या वेल्डरला तू 'गडगडलेला' म्हणतोस, त्याच्यावाचून त्या केंद्रातला एक संच फिरत नाही.

आता एक गोष्ट जिच्याबद्दल लिहिताना माझा आवाज चढतो. तुझ्या लेखी पांढरा कोट अंगात आला की विज्ञान पूर्ण झालं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. गर्भातल्या बाळाची वाढ कळावी म्हणून ध्वनिलहरींवर चालणारं यंत्र माणसाने बनवलं. त्या यंत्रावर मुली हेरून मारणारे हात शिकलेले होते, परीक्षा पास झालेले होते. तुझ्या व्याख्येप्रमाणे ते विज्ञानाचे यशस्वी विद्यार्थी. फोटो छापण्याजोगे.

आणि त्याच जिल्ह्यात २०१९ साली, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीच्या वेळी, ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांची नोंद घेतली गेली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण दर सहा जणींमागे एक. त्याआधी प्रत्येक कोपीत ही एकेका बाईची खासगी गोष्ट होती: पाळीचा त्रास, कोयत्याचा खाडा, मुकादमाचा दंड, डॉक्टर म्हणाला काढून टाक. बातम्या झाल्या, कार्यकर्त्या ओरडल्या, आणि मग कोणीतरी घरोघरी जाऊन वर किती आणि खाली किती, दोन्ही आकडे लिहून काढले. तेव्हा विधिमंडळाला ते ऐकावं लागलं. याला सार्वजनिक आरोग्यशास्त्र म्हणतात, यात संख्याशास्त्र लागतं, आणि बायोलॉजी घेतली म्हणजे गणितातून सुटका झाली असं तू ज्या मुलींना सांगतोस त्यांनाच हे काम उद्या करायचं आहे. तुझ्यावर मुलींचे फोटो असतात, हे मला मान्य आहे. पण दिवाळीच्या सुमाराला आईबापाबरोबर फडावर जाणारी आणि चैत्रात परत येणारी मुलगी शाळेत मागे पडते, तिच्यासाठी तुझ्याकडे ना बॅच आहे, ना ओळ. तोडलेला ऊस उशिरा गाळला की साखर उतारा का घटतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ऊस वाळतो, वजन घटतं आणि आतली साखर मोडून दुसऱ्याच शर्करा होतात, हे रसायनशास्त्र तिच्या अंगवळणी पडलेलं आहे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती मजूर म्हणून नव्हे, केमिस्ट म्हणून का शिरू नये?

मराठी माध्यमाबद्दल तू जी भीती घातली आहेस तिच्यावर फार शब्द घालवत नाही. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' ११८८ सालचा मानला जातो, त्यांची समाधी अंबाजोगाईत आहे. त्या काळी मराठीत ब्रह्म आणि मायेचा सूक्ष्म विचार मावला. त्वरण आणि संवेग मावतात की नाही याची काळजी तू करू नकोस. नीटचा पेपर मराठीत मिळतो, जेईई मेन २०२१ पासून मराठीत देता येते. इंग्रजी शिकावीच लागते, ती दोन वर्षांत येते. संकल्पना ज्या भाषेत आईशी भांडतो त्या भाषेत आधी पक्की झालेली बरी.

डॉक्टर व्हायचं मनापासून असेल त्याने जरूर व्हावं. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय खेड्यातल्या माणसासाठी उभं राहिलं, तिथे रात्रपाळी करणाऱ्या पोरापोरींना माझा मुजरा आहे. माझं भांडण तू बंद केलेल्या बाकीच्या दारांबद्दल आहे. पुण्याला आयसर आहे, २००६ पासून. बारावीनंतर पाच वर्षांत मूलभूत विज्ञानाची पदव्युत्तर पदवी, स्वतंत्र प्रवेश परीक्षा. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था जालन्याला येऊन बसली आहे, बीडहून एसटीने जाता येईल इतकी जवळ. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रातून विज्ञान ऑलिंपियाड चालतं. यातलं एकही नाव तुझ्या अंगावर मी कधी वाचलं नाही. ज्यातून फी येत नाही ते दार तू दाखवत नाहीस.

तुझ्याकडून सुधारणेची मला आशा नाही, म्हणून उरलेल्या चार ओळी तुझ्याखाली उभ्या असलेल्या आईबापांना लिहितो.

ताई, दादा, पैसे भरायच्या आधी क्लासच्या टेबलापलीकडच्या माणसाला एवढं विचारा. मागच्या वर्षी अकरावीला किती मुलं घेतली, आणि त्यातली किती मधूनच गेली? ज्यांना मेडिकल किंवा इंजिनिअरिंग मिळालं नाही त्यांची नावं आहेत का तुमच्याकडे, ती आज काय करतात? फोटोतलं हे लेकरू तुमच्याकडे किती महिने बसलं? माझं मूल आठवड्याला किती तास प्रयोगशाळेत उभं राहील, आणि कुठल्या? घरी येऊन लेकराला विचारा की त्याला कशाचं नवल वाटतं. त्याने सांगितलेली गोष्ट फ्लेक्सवर नसेल तर घाबरू नका, ती कुठे शिकवतात हे शोधायला आम्ही शिक्षक आहोत, रविवारीसुद्धा या. आणि क्लासवाल्याची उत्तरं तोंडी घेऊ नका. पावतीच्या मागे लिहून मागा, सहीनिशी.

तुझा, एवढ्यात तरी न हटणारा विरोधक,
एक विज्ञान शिक्षक
जिल्हा बीड